‘नागपुरात बघायला काय आहे बे?’

बाहेरच्या मित्राचा फोन येतो. पुण्याचा, मुंबईचा, नाहीतर एखाद्या फेस्टमध्ये ओळख झालेला कोल्हापूरचा. ‘दोन दिवस येतोय तुमच्याकडे, काय काय बघायचं?’ खरं सांगा, तुम्ही काय उत्तर देता? आधी दोन सेकंद गप्प. मग तर्री पोहे. मग सावजी, तेही ‘तुला झेपणार नाही’ या धमकीसकट. मग फुटाळा. मग परत दोन सेकंद शांतता आणि शेवटी आपलं ठरलेलं वाक्य, ‘अरे, त्यापेक्षा ताडोब्याला जा ना!’

म्हणजे शहर बघायला आलेल्या पाहुण्याला आपणच शहराबाहेर काढून देतो. पाहुणा तरी वेगळं काय करतो? विमानानं येणारे कितीतरी पर्यटक एअरपोर्टवरूनच गाडी करतात आणि ताडोबा नाहीतर पेंचचा रस्ता धरतात. नागपूरला ‘व्याघ्र राजधानी’ म्हणायची पद्धत आहे, पण वाघ काही सीताबर्डीच्या मेन रोडवर फिरत नाहीत. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. समुद्र नाही, बर्फ नाही, ज्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला की कॅप्शनशिवाय जगाला कळेल अशी एकही इमारत नाही, असं आपणच म्हणतो. ‘फिरायला नागपूरला चाललो’ हे वाक्य कुणाच्या तोंडी ऐकलंय का?

आता जरा उलट बाजूनं बघा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूर स्टेशनवर जाऊन उभे राहा. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई या दोन्ही मोठ्या लाइनी इथं एकमेकींना छेदतात, त्यामुळे गर्दी रोजचीच. पण त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नसते. उरसाच्या दिवसांत ताजबागेत जा. डिसेंबरात अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमकडे जा. आणि यातलं काहीच नसलेल्या एखाद्या साध्या मंगळवारी सकाळी आठला ‘मेडिकल’च्या गेटवर जा. बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, गडचिरोली, आदिलाबाद... अख्खा मध्य भारत तिथं केसपेपर हातात घेऊन उभा असतो.

मग ज्या शहरात ‘बघायला काहीच नाही’, तिथं एवढे लोक येतात कशाला?

मोजतं कोण?

मास कॉमला पहिल्या वर्षी एक गोष्ट डोक्यात भरवतात. आकडा दिसला की आधी विचारायचं, हा मोजला कोणी आणि कसा? पर्यटकांच्या आकड्याला हा प्रश्न विचारला की मजा येते.

आपल्या केंद्र सरकारच्या लेखी देशांतर्गत पर्यटक कोण, याची व्याख्या ठरलेली आहे. जो आपलं राहतं गाव सोडून दुसरीकडे जातो, तिथं किमान चोवीस तास किंवा एक रात्र राहतो, तेही पैसे घेऊन खोली देणाऱ्या हॉटेलात नाहीतर धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना अशा ठिकाणी, तो पर्यटक. कशासाठी आला याची यादी मात्र भरपूर लांब आहे. मौजमजा, तीर्थयात्रा, धार्मिक-सामाजिक कार्यक्रम, कामाच्या बैठका, शिक्षण, उपचार, सगळं चालतं. म्हणजे आईच्या ऑपरेशनसाठी छिंदवाड्याहून येऊन लॉजवर चार दिवस राहिलेला मुलगा सरकारच्या हिशेबात पर्यटक. गोव्याच्या बीचवरचा तुमचा मित्र पर्यटक आणि हाही पर्यटक.

पण तोच मुलगा लॉज परवडत नाही म्हणून हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून झोपला तर? मोजलाच जात नाही. मावशीकडे उतरला आणि शहरात काही न बघता परत गेला, तर व्याख्याच त्याला वगळते. सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं गेला, तरी नाही. राज्यांचे पर्यटन विभाग हा आकडा जमवतात तो मुख्यतः हॉटेल-लॉजकडून दर महिन्याला येणाऱ्या माहितीवरून. जिथं रजिस्टर, तिथं आकडा.

आणखी एक गंमत. 2022 या एका वर्षात देशात साधारण 173 कोटी देशांतर्गत पर्यटक-भेटी झाल्या असं सरकारी आकडेवारी सांगते. देशाची लोकसंख्या 140 कोटींच्या आसपास! म्हणजे हा आकडा माणसांचा नाही, भेटींचा आहे. एकच माणूस वर्षात पाचदा फिरला तर पाचदा मोजला. आणि कधीच खोली न घेणारा माणूस वर्षात दहादा नागपूरला आला तरी शून्य.

दुसरा मोजण्याचा मार्ग म्हणजे तिकीट. ताजमहाल, वेरूळ, अजिंठा यांचे आकडे आपल्याला माहीत असतात, कारण तिथं खिडकी आहे. गोरेवाड्याच्या प्राणिसंग्रहालयाला तिकीट आहे, ताडोब्याला परमिट आहे. पण दीक्षाभूमीला तिकीट नाही. ताजबागेला नाही. टेकडीच्या गणपतीला नाही. नागपुरात ज्या जागांवर खरी गर्दी होते, त्या जवळजवळ सगळ्या फुकट आहेत. म्हणून त्यांच्याबद्दल आपण एकच आकडा लिहितो, ‘लाखो’. पोलिसांचे लाखो वेगळे, आयोजकांचे वेगळे आणि आम्हा पेपरवाल्यांचे त्याहून वेगळे.

‘नागपूरच का?’ 1956 मध्येही

हा प्रश्न आजचा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. यासाठी मुंबई नाही, दिल्ली नाही, नागपूरच का, असं तेव्हाही विचारलं गेलं. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी आधी याच प्रश्नाला हात घातला. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचा या भूमीशी असलेला संबंध त्यांनी सांगितला. तुमच्या-माझ्यासारखे पोहे-सावजी-फुटाळा करत बसले नाहीत.

तेव्हापासून दरवर्षी अशोक विजयादशमीला लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातूनच नाही, तर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, उत्तर प्रदेशातूनही. रेल्वे जादा गाड्या सोडते. ज्या घुमटाचा फोटो तुम्ही शंभरदा पाहिलाय तो स्तूप तसा अलीकडचा आहे. 18 डिसेंबर 2001 रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. लोक मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून येत होते, मोकळ्या मैदानावर. तिथं फोटो काढण्यासारखी इमारत नव्हती तेव्हाही येत होते. पर्यटनाच्या पुस्तकात आधी ‘आकर्षण’ येतं आणि मग गर्दी. इथं क्रम उलटा आहे.

गेल्या दसऱ्याला मी वही घेऊन तिथं दिवसभर फिरले. पांढरी साडी, पांढरा शर्ट, खांद्यावर पिशवी, पिशवीत भाकरी-ठेचा. अन्नदानाचे स्टॉल एकाला एक लागून. डोक्यावर गाठोडं घेतलेली आजी आणि तिच्या हाताला धरून चालणारी कॉलेजची नात. आणि पुस्तकं! पुस्तकांचे इतके स्टॉल मी कुठल्याच साहित्य संमेलनाच्या फोटोत पाहिले नाहीत. ज्यांच्याकडे परतीच्या तिकिटापुरते आणि वर शंभर-दोनशे रुपये असतात, ते त्यातूनही एखादं पुस्तक घेऊन जातात. चरित्र, संविधानाची प्रत, भाषणांचा संग्रह, स्पर्धा परीक्षेचं गाइडसुद्धा. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षभर जेवढी झुंबड उडत नाही, तेवढी तिथं एका तासात उडते. (ग्रंथपाल मॅडम, माफ करा.)

रात्री हे सगळे कुठे झोपतात? काही शाळांमध्ये, काही मैदानावर, काही रस्त्याच्या कडेला वर्तमानपत्र अंथरून. हो, आपलाच पेपर. दुसऱ्या दिवशी बरेच जण ‘आपली बस’ पकडून कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला जातात, मग स्टेशन, मग गाव. या दोन दिवसांत त्यांनी शहर पायाखाली घातलेलं असतं. ट्रॅव्हल व्लॉगर ज्याला ‘फूटफॉल’ म्हणतात, तो शब्दशः हाच. पण हॉटेलच्या रजिस्टरमध्ये यातलं नाव शोधायला गेलात तर फारसं काही सापडायचं नाही.

त्याच दिवशी रेशीमबागेत संघाचा विजयादशमी उत्सव असतो, त्यालाही बाहेरून लोक येतात. एकाच शहरात, एकाच तारखेला, दोन अगदी वेगळे नकाशे. हे आणखी कुठल्या शहरात बघायला मिळतं ते सांगा.

केसपेपर घेऊन आलेला पाहुणा

आता दुसरा पाहुणा. हा वर्षभर येतो.

आपला जिल्हा मध्य प्रदेशला लागून आहे. छिंदवाडा, शिवनी, बालाघाटच्या लोकांना भोपाळ-जबलपूरपेक्षा नागपूर सोयीचं. छत्तीसगड आणि तेलंगणाकडूनही पेशंट येतात. ‘मेडिकल’ 1947 पासून आहे, स्टेशनजवळ ‘मेयो’ आहे, तुकडोजी पुतळ्याजवळ कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि 11 डिसेंबर 2022 ला पंतप्रधानांच्या हस्ते एम्सचंही उद्घाटन झालं. धंतोली आणि रामदासपेठेत तर गल्लीगणिक खासगी हॉस्पिटलं आहेत. धंतोलीत कधी बाइक लावायला जागा मिळालीय का? नाही ना. तो बहुतेक वेळा कुणातरी पेशंटच्या नातेवाइकाच्या गाडीचा प्रताप असतो.

एका पेशंटबरोबर दोन-तीन माणसं येतात. त्यांना जेवण लागतं, अंघोळीला जागा लागते, मोबाइल चार्ज करायचा असतो, झेरॉक्स काढायची असते. हॉस्पिटलांच्या आजूबाजूच्या खानावळी, लॉज, मेडिकल स्टोअर्स, चहाच्या टपऱ्या यांच्यावर चालतात. यातला कुणीही घरी गेल्यावर ‘नागपूर ट्रिप’ म्हणून स्टेटस टाकत नाही. शहराचं नाव त्याच्या मनात कायम त्या काळजीच्या दिवसांशी जोडलेलं राहतं. तुमच्या शहराला कुणी ‘फिरायची जागा’ म्हणत नाही याचं हेही एक कारण आहे. इथं लोक गरज म्हणून येतात. गरजेच्या जागेवर कुणी प्रेमानं रिव्ह्यू लिहीत नाही.

लग्नाच्या बस्त्यासाठी गांधीबाग-इतवारीत येणारी गोंदिया-यवतमाळची कुटुंबं, परीक्षेच्या आदल्या रात्री स्टेशनवर पुस्तकं उघडून बसलेली मुलं, तीही याच रांगेतली. यातली काही तर तुम्हीच असाल.

आणि डिसेंबर. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन आपल्याकडे होतं. त्याच्याबद्दल आपण हुरडा पार्टीचे जोक मारतो. पण त्या दिवसांत अंगणवाडी सेविका, शिक्षक, शेतकरी, आदिवासी संघटना कुठून कुठून मोर्चे घेऊन येतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर नाहीतर टेकडी रोडवर अडवले जातात. थंडीत रात्र तिथंच काढतात. आमदारांच्या खोल्यांचं बुकिंग मोजलं जातं, या लोकांच्या शेकोट्या नाही.

बदनामी सगळीच खोटी नाही

हे सगळं वाचून ‘बघा, आपलं नागपूर किती भारी’ असं स्टेटस टाकायच्या आधी थोडं थांबा. शहराचं नाव खराब आहे त्यात आपलाही हात आहे.

सीताबर्डीचा किल्ला घ्या. 1817 मध्ये भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली ती ही टेकडी, शहराच्या अगदी पोटात. पण तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि सामान्य माणसासाठी उघडतो 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशी. अजब बंगला 1863 चा, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. शाळेच्या सहलीनंतर तुम्ही तिथं पुन्हा कधी गेलात? झिरो माइलचा दगड दहा मिनिटांत बघून होतो आणि तो नेमका कशासाठी उभारला हे समोर उभ्या असलेल्या दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शहा आपल्या इन्स्टाच्या नागपुरात जवळजवळ नाहीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबती-बडग्यांसारखी मिरवणूक दुसऱ्या कुठल्या शहरात नाही, तरी बाहेरच्याला ती समजावून सांगताना आपलीच दमछाक होते. आणि ऑटोवाल्याशी भाड्यावरून घासाघीस करावी लागली नाही असा पाहुणा मला अजून भेटायचाय.

पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. नाव सुधारायचं म्हटलं की आपण कुणासाठी सुधारतो? जो अजून आलेलाच नाही त्याच्यासाठी. म्हणून कारंजी होतात, रोषणाई होते, मोठ्या अक्षरांचे सेल्फी पॉइंट होतात. त्यात वाईट काही नाही, मीही तिथं फोटो काढलेत. पण जो सत्तर वर्षं न बोलावता येतोय, त्याला काय लागतं हे फार कमी वेळा विचारलं जातं. त्याला लागतं स्वच्छ शौचालय, जिथं बाईला रात्री एकटीला जाता येईल. पिण्याचं पाणी. सावली. गाठोडं ठेवायला लॉकर. पन्नास-शंभर रुपयांत रात्रभर पाठ टेकायला जागा. आणि मराठी-हिंदीबरोबर तेलुगूतही लिहिलेली पाटी.

न विचारता काम केलं की काय होतं, हे आपण दीक्षाभूमीवरच पाहिलंय. 2016 मध्ये राज्य सरकारनं तिला ‘अ’ वर्ग पर्यटनस्थळाचा दर्जा दिला. पुढे परिसराच्या विकासाच्या कामात भूमिगत पार्किंग आलं. खोदकामानं स्तूपाला धोका पोहोचेल अशी भीती लोकांना वाटत होती. 1 जुलै 2024 रोजी आंदोलन चिघळलं, बांधकामाच्या ठिकाणी तोडफोड आणि जाळपोळ झाली आणि सरकारला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली. जाळपोळीचं समर्थन कुणी करू नये. पण एक साधी गोष्ट लक्षात घ्या. दसऱ्याला जे लोक रेल्वेनं, एसटीनं आणि पायी येतात, त्यांच्या नावानं होणाऱ्या विकासात गाड्यांची जागा एवढी वर कशी आली?

तुमच्यापैकी कुणी टूरिझमचा कोर्स करत असेल, आर्किटेक्चरला असेल, समाजकार्याला असेल, तर प्रोजेक्टसाठी विषय शोधायला पार मनालीपर्यंत जायची गरज नाही. हॉटेलं ज्याला मोजत नाहीत तो पाहुणा तुम्ही मोजू शकता. चार जणांचा ग्रुप करा. एनएसएसची मुलं दसऱ्याला दीक्षाभूमीवर ड्युटीला असतातच, त्यांना सोबत घ्या. प्रश्न तीनच. कुठून आलात? किती रात्री राहणार? आज रात्री कुठे झोपणार? चौथा विचारायचाच असेल तर, या शहरात काय कमी पडलं? नाव विचारू नका, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या आणि कुणी जेवायला बसा म्हणालं तर नाही म्हणू नका.

बाइक नेऊ नका, आसपासचे रस्ते त्या दिवशी बंद असतात. मेट्रोनं रहाटे कॉलनीला उतरा आणि पुढे गर्दीबरोबर चालत जा. पुस्तकांसाठी पिशवी मोठी घ्या.